घरच्या कॉम्प्युटरला दोन कोअर पुरतील की चार लागतील?

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरासाठी डेस्कटॉप असेंबल करून घ्यायचा आहे. मुलगी अकरावीत आहे, तिचे ऑनलाइन क्लास आणि थोडं पायथन. वडिलांचं टॅली आणि एक्सेल. बाकी यूट्यूब, फोटो, ऑनलाइन फॉर्म भरणं. दुकानदाराने दोन कोटेशन दिली आहेत: एकात पेंटियम गोल्ड जी७४००, म्हणजे दोन कोअर, दुसऱ्यात कोअर आय३-१२१००, म्हणजे चार कोअर. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी दोन्हीकडे तेच. शिवाय घरात आय३-२१०० चा जुना पीसी पडून आहे. त्यातच चार कोअरचा प्रोसेसर बसवला तर नवीन घ्यायची गरज राहील का?

नवीन घेणार असाल तर आय३-१२१०० घ्या. जुन्या पीसीचा प्रश्न वेगळा आहे. तिथे दोष शोधताना हार्ड डिस्क आणि रॅम यांच्यानंतर, बहुतेक वेळा तिसऱ्या क्रमांकावर, प्रोसेसर येतो. दोन्हींची कारणं पुढे देतो. पण आधी एक घोळ निस्तरायला हवा.

आपल्याकडे ‘ड्युअल कोअर’ हा शब्द दोन अर्थांनी चालतो. एक तर सरळ अर्थ, एका प्रोसेसरमध्ये दोन कोअर. दुसरा म्हणजे मालाचं नाव. इंटेलने साधारण २००७ पासून ‘पेंटियम ड्युअल-कोअर’ नावाचे स्वस्त प्रोसेसर विकले, आणि त्याच काळात कोअर २ ड्युओही बाजारात होता. दुकानात मग ‘ड्युअल कोअर घेता की कोअर टू ड्युओ?’ असा प्रश्न विचारला जायचा. खरं तर दोन्हींत कोअर दोनच. फरक मुख्यतः कॅशमध्ये (प्रोसेसरच्या आतली छोटी, झटपट मेमरी) आणि वेगात. तेव्हापासून ड्युअल कोअर म्हणजे हलकं, क्वाड (चार) कोअर म्हणजे भारी, असं समीकरण डोक्यात बसलंय. ते आज निम्म्या वेळा चुकतं.

कोअर म्हणजे हिशेब करणारा एक स्वतंत्र माणूस समजा. माणसं वाढवली की काम लवकर होतं, पण काम वाटून देता आलं तरच. पोळ्यांचं काम दोघांत वाटता येतं. कुकरच्या चार शिट्ट्यांना लागणारा वेळ मात्र ओट्यापाशी आणखी दोघं येऊन उभी राहिली म्हणून कमी होत नाही. जीन अ‍ॅम्डाल यांनी १९६७ साली हेच गणितात मांडलं. एका कोअरवर ६० सेकंद लागणारं काम घ्या. त्यातलं निम्मंच वाटता येत असेल तर दोन कोअरवर ४५ सेकंद लागतात आणि चारवर साडेसदतीस. म्हणजे दोनाचे चार करून वाचले साडेसात सेकंद. तेच काम नव्वद टक्के वाटता येत असेल तर दोन कोअरवर ३३ सेकंद आणि चारवर साडेएकोणीस. तेव्हा ‘चार कोअर म्हणजे दुप्पट वेग’ हे वाक्य ऐकलं की पहिला प्रश्न हा विचारायचा: कशात?

आता घरच्या कामांकडे बघा. टॅलीत व्हाउचर टाकताना किंवा वर्डमध्ये टाइप करताना प्रोसेसर तुमच्या बोटांची वाट बघत बसलेला असतो. एक्सेलमधली मोठी सूत्रं २००७ च्या आवृत्तीपासून अनेक कोअरवर वाटली जातात, पण व्हीबीएचा मॅक्रो (एक्सेलमध्येच लिहिलेला छोटा प्रोग्रॅम) आजही एकाच कोअरवर चालतो. मुलगी पायथन शिकताना जे छोटे प्रोग्रॅम लिहील तेही एकाच कोअरवर चालतील. याउलट व्हिडिओ एडिट करून एक्सपोर्ट करणं, मोठ्या फाइली झिप करणं, ब्लेंडरमध्ये रेंडर करणं ही कामं मिळतील तेवढे सगळे कोअर खातात. लग्नाचा दोन तासांचा व्हिडिओ लहान करायला लावला, तर दोन आणि चार कोअरमधला फरक घड्याळात स्पष्ट दिसतो.

एवढंच असतं तर तुमच्या घराला दोन कोअर पुरले असते. पण घरच्या पीसीवर खरी गर्दी करतं ते ब्राउझर आणि पाठीमागे गुपचूप चालणारी कामं. ऑनलाइन क्लासचं उदाहरण जवळून बघू. मुलगी गूगल मीटवर आहे. स्वतःच्या कॅमेऱ्याचं चित्र दाबून पाठवणं, समोरच्या आठ-दहा चौकटी उलगडून दाखवणं, आवाजातली खरखर काढणं आणि मागची भिंत धूसर करणं हे सगळं एकाच वेळी चाललेलं असतं. शेजारच्या टॅबमध्ये पीडीएफ उघडी आहे. क्रोम हे सगळं वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये चालवतो, म्हणजे काम आपोआपच वाटलेलं असतं. तेवढ्यात विंडोजला अपडेट आठवतं. टास्क मॅनेजरमध्ये (कोणता प्रोग्रॅम किती ताकद खातो ते दाखवणारी विंडोजची सोय) ‘विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर वर्कर’ नाहीतर ‘अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल’ वर येतं आणि एक अख्खा कोअर घेऊन बसतं. दोन कोअरच्या मशीनवर निम्मी ताकद गेली. चित्र अडखळलं तर कोणाच्या लक्षात येत नाही. आधी तुटतो तो आवाज, कारण आवाजाचा तुकडा वेळेत पोचला नाही तर त्याची जागा रिकामीच राहते. सरांचा आवाज डब्यातून आल्यासारखा ऐकू येतो आणि आपण नेटला शिव्या देतो. चार कोअरवर एक गेला तरी तीन उरतात. घरच्या वापरात चार कोअरचा खरा फायदा हा आहे. एखादं काम झपकन होईल असं नाही, पण एका कामाने दुसऱ्याला अडवणं थांबतं.

हायपर-थ्रेडिंगबद्दल दोन ओळी. जी७४०० मध्ये कोअर २ आणि थ्रेड (विंडोजला दिसणारे ‘लॉजिकल प्रोसेसर’) ४ असतात, आणि ‘म्हणजे चारच की’ असं काउंटरवर सांगितलं जातं. नाही. एका कोअरचे काही भाग रिकामे असतील तेव्हा त्यांत दुसरं काम सरकवायची ती सोय आहे. त्यातून मिळतात ते साधारण वीस-तीस टक्के, तेही कामावर अवलंबून. दोन थ्रेड हे दोन कोअर नव्हेत.

तुमच्यासमोरचे दोघे आकड्यांत असे दिसतात. जी७४०० चा वेग ३.७ गिगाहर्ट्झ, टर्बो (गरजेनुसार आपोआप वाढणारा वेग) नाही, कॅश ६ एमबी, ४६ वॅट. आय३-१२१०० मध्ये ४ कोअर, ८ थ्रेड, मूळ वेग ३.३, टर्बो ४.३, कॅश १२ एमबी, ६० वॅट आणि टर्बोत ८९ पर्यंत. कोटेशनवर ३.७ आणि ३.३ एवढंच छापलेलं असतं, म्हणून पेंटियमच वेगवान वाटतो. ते ३.३ म्हणजे चारही कोअर दमवून कामाला लागले तरी मिळणारी हमी. एका-दोन कोअरच्या कामाला तो ४.३ च्या आसपास पळतो. म्हणजे जिथे कोअरची संख्या कामी येत नाही तिथेही हाच पुढे, आणि कॅश दुप्पट. आतलं ग्राफिक्सही यूएचडी ७१० ऐवजी ७३० मिळतं. दोघांची पिढी एक, सॉकेट (बोर्डवरची प्रोसेसर बसायची जागा) एक, एलजीए १७००. अशी समोरासमोर तुलना असेल तर चार कोअर घेताना फार डोकं खाजवू नका. किमतीतला फरक एकूण बिलाच्या दहा टक्क्यांत बसत असेल तर नक्कीच.

पैसे अगदीच ताणले जात असतील तर कात्री कुठे लावायची? रॅम १६ वरून ८ जीबी करण्यापेक्षा प्रोसेसर पेंटियम ठेवा, असं मी म्हणेन. प्रोसेसर नंतर त्याच बोर्डवर बदलता येतो. आय५-१२४०० सुद्धा त्याच सॉकेटमध्ये बसतो. एसएसडीऐवजी हार्ड डिस्क हा पर्याय मात्र कोणत्याही बजेटमध्ये नको.

पिढी बदलली की कोअर मोजण्यात अर्थ राहत नाही. लॅपटॉपमध्ये तर हे फार फसवं आहे. सेलेरॉन एन४१२० वर ‘क्वाड कोअर’ असं स्टिकर असतं आणि ते खोटंही नाही. पण ते चार कोअर छोटे आहेत, जास्तीत जास्त २.६ गिगाहर्ट्झवर चालणारे. शेजारी आय३-१११५जी४ ठेवला तर त्यात कोअर दोनच, पण मोठे आणि ४.१ पर्यंत जाणारे. वेब पेज उघडणं, एक्सेलची फाइल उघडणं यांत तो दोन-कोअरवालाच पुढे असतो. हल्ली छोट्या मिनी पीसीत येणारा एन१०० हाही चार छोट्या कोअरचा; तो एन४१२० पेक्षा खूप बरा आहे, ऑफिसच्या कामाला छान चालतो, पण एका कोअरच्या कामात जी७४०० च्या मागेच राहतो.

नावावरही जाऊ नका. आय७-७५००यू हा ‘आय७’ दोन कोअरचा आहे. त्याच्या नंतरच्या पिढीतला आय५-८२५०यू चार कोअरचा. सेकंडहँड बाजारात, मग ते मुंबईचं लॅमिंग्टन रोड असो की गावातलं रिफर्बिश्डचं दुकान, आय७ च्या नावावर पैसे जास्त मागतात आणि वस्तू कमी मिळते. डेस्कटॉपमध्ये नियम बराच सरळ आहे: सातव्या पिढीपर्यंतचे आय३ दोन कोअरचे, आठव्यापासून चार, आय५ दुसऱ्या पिढीपासून सातव्यापर्यंत चार कोअरचे. अपवाद त्या पुस्तकाएवढ्या चपट्या ऑफिस पीसींत सापडतो. त्यांत शेवटी ‘टी’ असलेले ३५ वॅटचे प्रोसेसर असतात, आणि आय५-३४७०टी व आय५-४५७०टी हे दोन्ही दोनच कोअरचे आहेत. ‘टी’ नसलेले आय५-३४७० आणि ४५७० चार कोअरचे. पण सरसकट तसंही नाही, आय५-६५००टी मध्ये चार आहेत. तेव्हा पूर्ण नंबर शेवटच्या अक्षरासकट वाचायचा.

आता जुना आय३-२१००. तो हळू का आहे ते आधी बघा. पीसी चालू करून पाच मिनिटं तसाच सोडा, मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स उघडा. ज्या कामाला पीसी अडकतो तेच काम सुरू करा आणि आकडे वाचा.

डिस्क शंभर टक्के आणि सीपीयू वीस-तीस टक्के दिसत असेल तर दोष हार्ड डिस्कचा. फिरणारी डिस्क सेकंदाला विखुरलेल्या शंभरेक जागाच वाचू शकते, एसएसडी हजारो वाचते. तुमच्या बोर्डवर एच६१ चिपसेट (बोर्डची मुख्य चिप) असण्याची शक्यता आहे. त्याचे साटा पोर्ट, म्हणजे डिस्क जोडायच्या जागा, जुन्या, ३ गिगाबिटच्या वेगाचे असतात, म्हणून एसएसडीचा डब्यावर छापलेला वेग मिळणार नाही. त्याची फिकीर करू नका, फरक तरीही डोळ्यांना दिसेल. मेमरी पंच्याऐंशी-नव्वद टक्क्यांवर असेल तर रॅम कमी पडतेय. त्या बोर्डला डीडीआर३ लागते. ही दोन्ही ठीक असून सीपीयू शंभरला टेकला असेल तरच कोअरचा विचार.

इथे एक बारकावा आहे. सीपीयूच्या आलेखावर उजवं क्लिक करून लॉजिकल प्रोसेसर्स निवडलं की आय३-२१०० चे चार छोटे आलेख दिसतात. एकाच कोअरवर चालणारं काम अडलं असेल तर एकूण आकडा पंचवीस टक्क्यांच्या आसपास येऊन थबकतो. विंडोज ते काम या कोअरवरून त्या कोअरवर हलवत राहतं, म्हणून चारही आलेख थोडेथोडे भरलेले दिसतात आणि प्रोसेसर निवांत आहे असं वाटतं. तो निवांत नसतो. अशा वेळी कोअर वाढवून काही होत नाही. वेगवान कोअर लागतो, म्हणजे नवी पिढी. चारही आलेख छताला टेकले असतील तर जास्त कोअरचा उपयोग होईल.

यूट्यूब अडखळतं हे तिसरंच प्रकरण. यूट्यूब बहुतेक ब्राउझरला व्हीपी९ किंवा एव्ही१ पद्धतीने दाबलेला व्हिडिओ पाठवतं. तुमच्या आय३-२१०० च्या, म्हणजे दुसऱ्या पिढीच्या, ग्राफिक्सला ते उलगडता येत नाहीत, म्हणून सगळा भार कोअरवर येतो. १०८०पी ला ६० फ्रेम असलेला व्हिडिओ लावला की दोन कोअर हाशहुश करतात. तोच व्हिडिओ बाराव्या पिढीचा पेंटियमही आरामात दाखवतो, कारण तिथे ते काम ग्राफिक्स करतं आणि कोअर मोकळे राहतात.

तरीही त्याच बोर्डवर चार कोअर बसवायचे असतील तर एलजीए ११५५ चे आय५-२४०० किंवा आय५-३४७० सेकंडहँड मिळतात. २४०० हा ९५ वॅटचा आहे. तुमचा सध्याचा ६५ चा. त्याचा छोटा पंखा २४०० ला पुरेलच असं नाही. ३४७० हा ७७ वॅटचा आणि थोडा वेगवान, पण तिसऱ्या पिढीचा असल्यामुळे बऱ्याच एच६१ बोर्डांना आधी बायोस (बोर्डचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट लागतं. अपडेट जुना प्रोसेसर बोर्डवर असतानाच करायचं. नवा बसवून पडदा काळा आला की मग लोकांना हे आठवतं. आणि यूपीएस असल्याशिवाय करू नका. मधेच वीज गेली तर बोर्ड कायमचा झोपू शकतो.

या खटाटोपाआधी दुसरी गोष्ट तपासा. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इंटेलचे प्रोसेसर, एक-दोन अपवाद सोडले तर, आठव्या पिढीपासून पुढचेच आहेत. त्यामुळे चार कोअरचा तगडा आय७-७७०० यादीबाहेर आणि दोन कोअरचा मरतुकडा सेलेरॉन एन४०२० यादीत, अशी गंमत आहे. कोअर २ क्वाड या त्याहून जुन्या, चार कोअरच्या प्रोसेसरची गोष्ट तर आणखी पुढची. क्यू६६०० सारख्या प्रोसेसरला आवश्यक आज्ञाच (इन्स्ट्रक्शन) कळत नसल्यामुळे विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती पळवाटेनेही चालू होत नाही. तुमच्या आय३-२१०० वर एसएसडी आणि ८ जीबी रॅम टाकून लिनक्स मिंट चढवा. मुलीला पायथन शिकायला ते उत्तम आहे. टॅलीला विंडोज लागतं, ते नव्या पीसीवर.

चार कोअर आपल्याला खरंच लागतात का हे पैसे न घालवता बघायचं असेल तर कोणाकडे चार कोअरचा पीसी असल्यास एक प्रयोग करता येतो. टास्क मॅनेजरच्या डिटेल्समध्ये प्रोग्रॅमवर उजवं क्लिक करून ‘सेट अ‍ॅफिनिटी’ निवडा आणि दोन कोअरपुरत्याच खुणा ठेवा. हायपर-थ्रेडिंग असेल तर लॉजिकल प्रोसेसर जोडीजोडीने येतात, म्हणून ०, १, २, ३ अशा चार खुणा ठेवल्या की ते दोन कोअर झाले. एक्सपोर्टला लागणारा वेळ मोजा, मग सगळ्या खुणा परत लावून पुन्हा मोजा. जाता जाता: एमएसकॉन्फिग या विंडोजच्या सेटिंगमध्ये जाऊन प्रोसेसरची संख्या ४ निवडली की पीसी फास्ट होतो, असे व्हिडिओ फिरत असतात. ती खूण मर्यादा घालण्यासाठी आहे. विंडोज मुळातच सगळे कोअर वापरतं.

नवीन घेताना फसायच्या जागा ठरलेल्या आहेत. आय३-१२१००एफ थोडा स्वस्त मिळतो. त्या ‘एफ’ चा अर्थ आतलं ग्राफिक्स बंद. वेगळं कार्ड नसेल तर पंखे फिरतात, दिवे लागतात आणि मॉनिटर ‘नो सिग्नल’ म्हणत राहतो. एच६१० बोर्ड डीडीआर४ चा वेगळा आणि डीडीआर५ चा वेगळा येतो, रॅम त्याप्रमाणे. १६ जीबी घेत असाल तर ८ च्या दोन पट्ट्या घ्या, कारण आतलं ग्राफिक्स रॅमच वापरतं आणि दोन पट्ट्यांवर त्याला रुंद रस्ता मिळतो. प्रोसेसर सीलबंद बॉक्सचा घ्या, त्यात पंखा असतो आणि इंटेलची तीन वर्षांची वॉरंटी. ‘ट्रे’ म्हणून सुटा मिळणारा स्वस्त पडतो, पण पंखा वेगळा घ्यावा लागतो आणि वॉरंटी दुकानदाराच्या शब्दावर.

पंखा बसवताना बघत उभे राहा. चार कोपऱ्यांच्या चार पिना तिरक्या जोडीने दाबायच्या, शेजारशेजारच्या नाही, आणि प्रत्येक पिन ‘कट्’ आवाज करून बोर्डाच्या मागे पूर्ण बाहेर यायला हवी. एक जरी अर्धवट राहिली तर पंखा तिरका बसतो, प्रोसेसर काही सेकंदांत शंभर अंशांकडे जातो आणि स्वतःला वाचवायला वेग उतरवतो. मग चार कोअर घेऊनही पीसी रडतो. प्रोसेसरचं तापमान खोलीच्या तापमानावर चढत असतं. भाराखाली तो खोलीपेक्षा ५० अंश वर जात असेल तर २८ च्या खोलीत ७८ होतात आणि मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे ४२ च्या खोलीत ९२. कॅबिनेट टेबलाच्या बंद खणात कोंबू नका.

विजेचं म्हणाल तर दोन्ही प्रोसेसरांतला फरक टर्बोत सतत ४३ वॅट धरला आणि रोज चार तास पूर्ण भार धरला, तरी महिन्याला पाचेक युनिट होतात. घरी एवढा भार नसतोच, टाइप करताना दोन्ही जवळपास झोपलेलेच असतात. त्यामुळे यूपीएसही यासाठी मोठा घ्यायची गरज नाही.

पैसे देण्याआधी दुकानातच विंडोज चालू करून टास्क मॅनेजर उघडायला लावा. वर उजवीकडे प्रोसेसरचं पूर्ण नाव दिसतं, खाली ‘कोअर्स ४, लॉजिकल प्रोसेसर्स ८’ असं दिसलं पाहिजे. मेमरीच्या पानावर ‘स्लॉट्स यूज्ड’ समोर दोन. तोच पूर्ण नंबर बिलावर लिहून घ्या. नुसतं ‘आय३ पीसी’ लिहिलेलं बिल परत करा.